पाचवीतल्या लेकरासाठी कादंबरी

२०२२ च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते भारत सासणे. मोठ्यांसाठी दीर्घकथा लिहिणारे लेखक म्हणून वाचक त्यांना ओळखत होते. दोनच वर्षांनी साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, तो ‘समशेर आणि भूतबंगला’ या मुलांच्या कादंबरीसाठी. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२५ साली, हा पुरस्कार थेट नांदेडला आला. डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला तो मिळाला. मराठीपुरती या पुरस्काराची यादी जरा मागे चाळली की मुलांच्या कादंबऱ्या एकामागून एक दिसू लागतात. २०१७ साली ल. म. कडूंची ‘खारीच्या वाटा’, २०१९ साली सलीम मुल्लांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२१ साली संजय वाघांची ‘जोकर बनला किंगमेकर’, २०२२ साली संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’.

तेव्हा ‘आमच्या लेकरांसाठी मराठीत पुस्तकंच नाहीत’ ही तक्रार मला पटत नाही. पुस्तकं आहेत. ती नांदेड-लातूरच्या दहा वर्षांच्या वाचकापर्यंत पोचत नाहीत. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास दुकानात जाऊन ‘पाचवीतल्या मुलासाठी काहीतरी दाखवा’ म्हटलं की पुढ्यात बहुतेक वेळा नवोदयची मार्गदर्शकं, शिष्यवृत्तीचे सराव संच आणि बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तिका येतात. यात दुकानदाराचा दोष नाही. मागणी तीच आहे. जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा पाचवीतच द्यायची असते, शंकरनगरच्या नवोदयमध्ये लेकरू लागावं ही नांदेड जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकरी घरांची आस असते. दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’नं इथल्या शेकडो घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर आणला. ज्या भागात पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही तिथे परीक्षेवर भिस्त ठेवणाऱ्या आई-बापांना नावं ठेवणं मला जमणार नाही. पण त्याच घरातल्या मुलाच्या हातात वर्षभरात एकही कादंबरी पडू नये, हे मात्र मनाला लागतं. कारण चौथी ते सातवी हीच वाचक घडायची वर्षं आहेत आणि ती फार लवकर सरतात.

या वयात नेमकं काय होतं, ते आधी पाहू. हार्वर्ड विद्यापीठातल्या जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनाच्या वाढीचे टप्पे मांडले. ढोबळमानानं तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि चौथीपासून वाचून शिकायला लागतं. तिसरीपर्यंतच्या धड्यात बहुतेक शब्द घरातले, अंगणातले असतात. अक्षर जुळवलं की शब्द ओळखीचा निघतो. चौथीपासून धड्यांत इतिहास, भूगोल, विज्ञान वाढत जातं आणि पानावर असे शब्द येतात, जे मुलानं कधी ऐकलेलेच नसतात. अक्षरं जुळतात, अर्थ जुळत नाही. तोवर बरं वाचणारं मूल इथे अडखळायला लागतं. चॉल यांनी या प्रकाराला चौथीतली घसरण म्हटलं. १९८६ साली कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञानं त्यापुढची गोष्ट दाखवली. ज्याला वाचणं सोपं जातं ते मूल जास्त वाचतं, जास्त वाचल्यानं त्याचे शब्द वाढतात, शब्द वाढल्यानं वाचणं आणखी सोपं होतं. ज्याला जड जातं ते टाळतं आणि दर वर्षी थोडं थोडं मागे पडत जातं.

या चक्रात मुलाला योग्य बाजूनं ढकलायला कादंबरीइतकं चांगलं साधन नाही, असं मला वाटतं. त्याचं कारण तिच्या लांबीतच आहे. चार पानांची गोष्ट वाचताना सर्वांत जड पान पहिलं असतं. हे कोण, कुठे राहतात, कुणाचं कुणाशी नातं, काय बिनसलंय, हे सगळं डोक्यात मांडून घ्यावं लागतं. मांडामांड होते न होते तोच गोष्ट संपते आणि पुढच्या गोष्टीसाठी तेच कष्ट नव्यानं करावे लागतात. कादंबरीत हे कष्ट एकदाच पडतात. तिसऱ्या प्रकरणापर्यंत माणसं ओळखीची होतात, लेखकाची वाक्यं कानात बसतात, त्याचे आवडते शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. एखादा अनोळखी शब्द पाच वेगवेगळ्या प्रसंगांत आला की कुणी अर्थ न सांगताही तो उमगतो. मग डोळे अक्षरांवरून सुटतात आणि मूल गोष्टीत शिरतं. एकाच नायकाची मालिका असेल तर आणखी बरं, कारण दुसरं पुस्तक उघडताना निम्मं काम आधीच झालेलं असतं. मोठी माणसं ‘एकाच छापाची पुस्तकं काय वाचतोस’ म्हणून रागावतात, पण तो एकच छाप वाचताना त्या मुलाचा वाचनाचा वेग वाढत असतो.

पुढे मोठ्या परीक्षांत लांबच लांब उतारे येतात आणि वेगानं वाचणाऱ्याला त्याचा फायदा होतो, हे खरं आहे. पालकांना पटवायला हा मुद्दा उपयोगी पडतो, म्हणून सांगितला. मुलाला कादंबरी देताना मात्र तो उच्चारू नये. त्याला गोष्ट हवी असते आणि गोष्टीसाठीच ती द्यावी.

सुचवायची कशी, हा खरा प्रश्न. वयाकडे किंवा इयत्तेकडे बघून पुस्तक ठरवलं की हमखास चुकतं. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्मी मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचू शकली. एकाच वर्गात एक मुलगी जाडजूड पुस्तक चार दिवसांत संपवते आणि तिच्याच बाकावरचा मुलगा जोडाक्षरापाशी थांबतो. दोघांना एकच पुस्तक देणं दोघांवर अन्याय आहे. शिक्षकांत एक सोपी चाचणी चालते. पुस्तकाचं मधलंच कुठलंतरी पान मुलाला वाचायला द्यायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्यानं एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर पुस्तक सध्या जड आहे. एकही मिटलं नाही तर फार सोपं आहे, तरी हरकत नाही. दोन-तीन बोटं मिटली तर बरोबर.

इथे मराठवाड्याच्या या टोकाचा एक वेगळा मुद्दा येतो. देगलूर-बिलोलीकडच्या घरांत तेलुगू बोललं जातं, उदगीर-देवणीकडे कन्नड, मुखेड-कंधारच्या तांड्यांवर गोरमाटी, किनवटच्या पाड्यांवर गोंडी आणि कोलामी, नांदेड शहरात दखनी आणि पंजाबीसुद्धा. ज्यांच्या घरात मराठीच आहे तिथेही ‘काय करलालास’ म्हणणारी मराठी आहे, पुस्तकातली नव्हे. अशा मुलाची पाच बोटं लवकर मिटतात आणि आपण घाईनं ठरवतो की त्याला वाचता येत नाही. प्रत्यक्षात त्याला गोष्ट उत्तम कळते, तो फक्त छापलेल्या मराठीशी अजून रुळलेला नसतो. या वयात कान डोळ्यांच्या पुढे असतात. स्वतः वाचताना न झेपणारी गोष्ट ऐकताना सहज झेपते.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. पुस्तक नुसतं हातात देऊ नका, पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा. मुलं कादंबरी सोडतात ती बहुतेक पहिल्या दहा पानांतच, आणि ही दहा पानं मोठ्या माणसाच्या आवाजावर पार होतात. नावं कशी उच्चारायची ते कळतं, कुठे हसायचं ते कळतं, गाव आणि घर डोळ्यांपुढे उभं राहतं. शाळेत शनिवारचा शेवटचा तास यासाठी उत्तम, घरी रात्री जेवणं झाल्यावर. पंधरा मिनिटं पुरतात. थांबायचं मात्र अशा ठिकाणी की नायक खोलीत अडकला आहे आणि बाहेर पावलं वाजली आहेत. मग पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचं आणि कुणाला वाच म्हणायचं नाही. सोमवारी ते टेबलावर दिसत नाही. आजी-आजोबांना वाचता येत असेल तर हे काम त्यांच्याइतकं कुणीच चांगलं करत नाही, आणि वाचता येत नसेल तर सहावीतल्या नातीनं त्यांना वाचून दाखवावं. ऐकणारं माणूस समोर असलं की वाचणाऱ्याला पुढचं पान उलटावंच लागतं.

आता पुस्तकं. मुलाला ‘तुला काय आवडतं’ विचारलं तर तो खांदे उडवतो. त्यापेक्षा शेवटचा कुठला सिनेमा दोनदा पाहिला, शाळेबाहेर कुणाबरोबर हिंडतोस, भीती वाटलेली आवडते का, असं विचारावं. तीन उत्तरांत अंदाज येतो.

धावपळ, चोर, पाठलाग असं उत्तर आलं तर अजूनही पहिलं नाव फास्टर फेणेचंच. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) हा बनेश फेणे घडवला. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा काटकुळा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकलवरून सुसाट सुटतो आणि काही खास घडलं की तोंडानं ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. त्याची वीसेक पुस्तकं आहेत. ती आजही का चालतात, हे नीट पाहण्यासारखं आहे. भागवत प्रस्तावनेत वेळ घालवत नाहीत, पहिल्या दोन पानांत काहीतरी घडतं. वाक्यं तोकडी, संवाद भरपूर, त्यामुळे पान भरभर उलटतं. नायक बलदंड नाही, हुशारीनं आणि चौकस बुद्धीनं सुटतो. आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो गावाकडून शहरात आलेला आहे. लोह्याहून नांदेडला किंवा औशाहून लातूरला शिकायला आलेल्या, खोली करून किंवा मावशीकडे राहणाऱ्या मुलाला हा फुरसुंगीचा पोरगा लगेच आपला वाटतो. काही गोष्टी मात्र सांगाव्या लागतात. तार म्हणजे काय, ट्रंक कॉल कशाला करत, ते आजच्या मुलाला माहीत नसतं. मुलींना या पुस्तकांत जागा कमी आहे, हेही खरं.

लातूरकरांना फास्टर फेणे जवळचा वाटायला आणखी एक कारण आहे. २०१७ साली आलेला ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट बाभळगावच्या देशमुख घरातल्या रितेश देशमुखांनी जेनेलियासोबत निर्माण केला. त्यातला मोठा झालेला बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या घोटाळ्याचा माग काढतो. ज्या शहरात दर दुसऱ्या घरात त्या परीक्षेची चर्चा असते तिथल्या मुलांना हा सिनेमा दाखवून मग पुस्तक द्यावं. ‘सिनेमा पाहिला, आता पुस्तक कशाला’ असं या वयात होत नाही, उलट ओळखीच्या माणसाला पुन्हा भेटायला मुलं उत्सुक असतात.

त्या चित्रपटात भागवतांची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली होती, आणि प्रभावळकर स्वतः ‘बोक्या सातबंडे’चे लेखक. ज्याचं वाचन अजून डळमळीत आहे त्याला मी फास्टर फेणेच्याही आधी बोक्या देईन. एकेक प्रसंग आपल्यापुरता पुरा होतो, नायक तोच राहतो. गोष्टीची तोकडी लांबी आणि कादंबरीची ओळख, दोन्हीचा फायदा मिळतो. बोक्या खोड्या काढतो, पण दुसऱ्याच्या अडचणीत न बोलावता उडी घेतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि त्यांचीच चिंगी याच घराण्यातली, फक्त कितीतरी आधीच्या काळातली. त्यांची भाषा आता जरा जुनी वाटते, म्हणून ती ऐकवायला जास्त बरी.

भूत हवं असेल तर सासण्यांचा समशेर आहे. नावातच भूत आणि बंगला दोन्ही आल्यावर वेगळी शिफारस लागत नाही. रहस्य आवडणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी सत्यजित राय यांचा फेलूदा घ्यावा. अशोक जैन यांनी या कथा मराठीत आणल्या, रोहन प्रकाशनानं त्या छापल्या. सांगणारा तोपशे हा फेलूदाचा शाळकरी भाऊ, त्यामुळे वाचणाऱ्याला गुप्तहेराच्या शेजारची जागा मिळते. त्यातली एक कथा तर मूर्तिचोरांच्या मागावर वेरूळच्या लेण्यांत येते. आपल्या मराठवाड्यातल्या ज्या लेण्यांत शाळेची सहल जाते तिथे कलकत्त्याचा हेर चोर शोधत हिंडतो, हे कळल्यावर मुलांचे डोळे चमकतात. सहलीच्या आधीच्या आठवड्यात हे पुस्तक वर्गात वाचायला घ्यावं, अशी माझी शिक्षकांना खास विनंती आहे.

रानात रमणाऱ्या मुलासाठी सलीम मुल्लांची ‘जंगल खजिन्याचा शोध’. लेखक स्वतः वनखात्यात काम करणारे आहेत, त्यामुळे जंगल हे केवळ पडद्यावरचं चित्र राहत नाही. किनवट-माहूरच्या, पैनगंगेच्या काठच्या मुलांनी तर ती वाचावीच. शेतीत रस असलेल्या मुलाला मी कादंबरीची चौकट थोडी ओलांडून वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ देईन. १९८१ साली आलेलं हे चरित्र कादंबरीसारखंच वाचलं जातं. गुलामीत जन्मलेला एक अनाथ मुलगा शास्त्रज्ञ होतो आणि सततच्या कापसानं खंगलेल्या जमिनीत भुईमूग, रताळी लावायला शेतकऱ्यांना शिकवतो. नांदेडच्या कापसाच्या आणि लातूरच्या सोयाबीनच्या पट्ट्यात वाढणाऱ्या मुलाला यातलं पानन् पान ओळखीचं आहे. भुईमुगासारखी शेंगांची पिकं मातीत नत्र कसं धरून ठेवतात, हे त्याला विज्ञानाच्या धड्याआधी इथे समजतं.

रोजच्या जगण्यातलं, शांत, गमतीचं काही हवं असणाऱ्या मुलांची संख्या आपण समजतो त्यापेक्षा जास्त असते. त्यांना ‘पियूची वही’ द्यावी. सुट्टीत पियू वही लिहायला घेते, एवढीच गोष्ट. तिच्या नोंदी वाचता वाचता बरीच मुलं स्वतःही वही लिहायला घेतात. हे ‘मुलींचं पुस्तक’ म्हणून मुलग्यांपासून दूर ठेवू नये. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ याच वाटेवरचं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आहे. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा, मुलांचं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी आणि एका शाळेतून काढून टाकलेली बडबडी मुलगी. प्रकरणं दोन-तीन पानांची, म्हणून वर्गात रोज एक वाचून होतं. या आठवणी आहेत, कादंबरी नव्हे, पण दहा वर्षांच्या वाचकाला त्या फरकाशी घेणं नसतं. हे पुस्तक शिक्षकांसाठी म्हणून कपाटात ठेवलेलं असतं. ते मुलांना द्या.

दुःखाच्या पुस्तकांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याकडे शाळेत बक्षीस म्हणून ठरलेलं पुस्तक ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ते थोर पुस्तक आहे, पण बक्षीस आणि संस्कार अशा दुहेरी ओझ्याखाली ते मुलाच्या हाती येतं, आणि पहिलं पुस्तक म्हणून एकट्यानं वाचताना बरीच मुलं मध्येच थांबतात. गुरुजींनी त्याची रचनाच ऐकण्यासाठी केली आहे. आश्रमात मित्र जमतात आणि श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. तेव्हा ते तसंच, रोज रात्री एक असं, घरात सगळ्यांनी मिळून ऐकावं. कोकणातलं घर, तिथली गरिबी, आईचा करारीपणा हे सोबतीनं ऐकताना पोचतं.

ल. म. कडूंची ‘खारीच्या वाटा’ ही अलीकडची, तितकीच खोल. धरणात बुडणाऱ्या गावातल्या मुलाच्या नजरेतून ती लिहिली आहे. झाडं, ओढा, गुरं, सवंगडी यांत रमलेलं बालपण आणि हे सगळं सोडून जायचं आहे, याची हळूहळू होत जाणारी जाणीव. पाण्यानं गाव घेणं मराठवाड्याला परकं नाही. मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातली गावं आहेत, तिथल्या मुलांना या कादंबरीतलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. आणि लातूरला पाण्याच्या न येण्याची आठवण आहे. २०१६ साली मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं शहराला पाणी आणावं लागलं होतं, आजच्या मुलांना ते आई-वडिलांकडून ऐकून माहीत असतं. मुलांना दुःख झेपणार नाही, असं धरून चालणं चूक आहे. त्यांना उपदेश झेपत नाही. खरं दुःख ती वाचतात, गप्प होतात, आणि काही दिवसांनी तेच पुस्तक पुन्हा मागतात. मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या कादंबरीचं राम पटवर्धनांनी केलेलं ‘पाडस’ असंच आहे, पण ते सातवीत, वाचन चांगलं बसल्यावर. फ्लोरिडाच्या रानातल्या ज्योडीची आणि त्याच्या हरणाच्या पाडसाची ती गोष्ट आहे. शेवट कुणी आधी सांगू नये.

सातवीच्या तयार वाचकासाठी मग दारं खूप उघडतात. शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’, जयंत नारळीकरांची ‘प्रेषित’, भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, त्यात ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. हॅरी पॉटरही मराठीत आहे. त्यातली नावं सुरुवातीला अडखळायला लावतात, पण सिनेमा पाहिलेल्या मुलांना ती पाठ असतात.

पुस्तक दिल्यानंतर मोठ्या माणसांनी काय करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. त्यात पानं गाळायचा हक्क आहे, पुस्तक अर्धवट सोडायचा हक्क आहे, तेच पुन्हा वाचायचा हक्क आहे. आपल्या शाळांत यातला एकही सहज मिळत नाही. पुस्तक संपलं की सारांश लिही, तात्पर्य सांग, कठीण शब्दांची यादी काढ. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, रांगेत बसून वाचतानाचे फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागतं. ज्यानं फेलूदा वाचला त्याला तात्पर्य विचारू नये. ‘चोर तुला कधी कळला?’ असं विचारावं आणि आपणही वाचलेलं असावं. न वाचलेलं पुस्तक सुचवणारा माणूस मुलं दोन वाक्यांत ओळखतात.

पुस्तकं मिळवायची कुठून, ही अडचण खरीच आहे. अनुदानित सार्वजनिक वाचनालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यातल्या बालविभागात जाऊन या लेखातली नावं लेखी मागावीत, मागणी नोंदली गेली तर पुढच्या खरेदीत पुस्तक येण्याची शक्यता वाढते. मोबाइल हातात असलेल्या घराला ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक फुकट वाचता येतात. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेल्या या मासिकाचा जवळपास सगळा खजिना आता संकेतस्थळावर आहे आणि मराठीतल्या नामवंत लेखकांनी मुलांसाठी लिहिलेलं साहित्य त्यात सापडतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. त्या कादंबऱ्या नाहीत, पण ज्याची पाच बोटं लवकर मिटतात त्याला तिथून सुरुवात करून दोन महिन्यांत बोक्यापर्यंत आणता येतं.

इथल्या लेखकांकडेही एक मागणं आहे. किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेल्या आणि त्यानंतर नव्यानं बांधलेल्या गावांत वाढलेल्या पिढीला आता स्वतःची लेकरं आहेत. कंधारचा भुईकोट किल्ला, माळेगावची जत्रा आणि तिथला जनावरांचा बाजार, हजूर साहिबच्या लंगरमध्ये शेकडो माणसांबरोबर जेवणारं मूल, ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांमागे आजीजवळ राहिलेली भावंडं. यातल्या प्रत्येकात दहा वर्षांच्या वाचकासाठी दीडशे पानांची, वेगवान, रहस्याची, हसवणारी कादंबरी आहे. मला ती वाचायची आहे. आणि तिच्यातली माणसं आपसांत बोलताना इथल्यासारखी बोलायला हवीत.

तोवर वर्गासाठी एक पेटी करता येते. पंचवीस-तीस पुस्तकं, कुलूप नाही, अनामत नाही, नोंद मुलांनीच एका वहीत करायची. पानं मळली, कोपरे दुमडले तर रागावायचं नाही, पुस्तक वापरलं गेलं याचा तो पुरावा आहे. एका नावाच्या दोन-तीन प्रती असाव्यात, कारण या वयात मुलं पुस्तकाबद्दल मोठ्यांशी कमी आणि मित्राशी जास्त बोलतात, आणि दोघांनी एकाच वेळी वाचलेलं पुस्तक दुप्पट वाचलं जातं. मालिकेतलं पहिलं पुस्तक घेताना दुसरं आणि तिसरंही त्याच दिवशी घेऊन ठेवावं. शनिवारी दुपारी पहिलं संपवलेलं मूल सोमवारी सकाळी दुसरं मागायला येतं. तेव्हा ‘मागवू या’ म्हणालात तर ते पुस्तक येईपर्यंत घटक चाचणी येते आणि मूल पुन्हा हातचं जातं.